आधी वही, मग फॉर्म



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्षावास सुरू होता. आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन रोज संध्याकाळी चाले. त्या दिवशी वाचन संपले, सरणत्तय झाले, उपासक-उपासिका आपापल्या घरी निघाल्या. एक बाई मात्र खांबाला टेकून तशाच बसून राहिल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. नवरा सफाईच्या कामावर, तोही कंत्राटी. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत लेकीचे सगळे कागद. पिशवी आमच्यापुढे सरकवून त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, सीट गेली."

मुलगी हुशार. बारावी सायन्सला एकाहत्तर टक्के. सीईटी दिली, पहिल्याच फेरीत फार्मसीच्या पदवीला अनुसूचित जातीच्या जागेवर नाव लागले. घरात साखर वाटली. पण जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हते. अर्ज केला तो बारावीचा निकाल लागल्यावर. शेवटची तारीख उलटली तरी प्रमाणपत्र आले नाही. राखीव जागा रद्द झाली आणि मुलीचे नाव खुल्या यादीत गेले. खुल्या यादीतली फी भरण्याची ऐपत त्या घरात नव्हती.

आता आम्हाला इथे एक कबुली द्यायची आहे. त्याच बाई वर्षभर आधी आमच्याकडे आल्या होत्या. "दाखल्याचं आत्ताच करू का?" असे त्यांनी विचारले होते. आम्ही म्हणालो, "आधी बारावीवर लक्ष द्या. दाखल्याचे नंतर बघू." तो सल्ला आमचा होता. बाईंनी एका शब्दाने आम्हाला दोष दिला नाही. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

म्हणून आजचे हे पान. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. निकालानंतर जी पळापळ होते तिच्यातले निम्मे काम आत्ता, पोर अभ्यास करीत असतानाच, आईबापांनी उरकता येते. त्यासाठी शंभर पानी एक वही घ्या. वहीवर मुलाचे किंवा मुलीचे नाव घाला. तिच्यात चार पाने पाडा. पहिले पान पोराच्या म्हणण्याचे, दुसरे अटींचे, तिसरे खर्चाचे, चौथे कागदपत्रांचे. ही चार पाने भरल्याशिवाय कोणत्याही फॉर्मवर सही करू नका.

पहिले पान : पोराचे म्हणणे

आपल्या घरांत हे पान बहुधा कोरेच राहते. बाप म्हणतो इंजिनिअर, मामा म्हणतो डॉक्टर, शेजारचे म्हणतात अमक्याचा पोरगा कॉम्प्युटरला गेला. ज्याला शिकायचे तो कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला असतो.

आमच्या ओळखीत एक रिक्षाचालक आहेत. त्यांचा मुलगा आठवीपासून वस्तीतले पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचे होते. वडिलांनी ऐकले नाही. ते आम्हाला म्हणाले, "आम्ही जन्मभर हातात पाना धरला. त्यानंही पानाच धरायचा का?" या प्रश्नात एका पिढीचे दुःख आहे. हातकामच करा असे ज्यांना शतकानुशतके सांगितले गेले, त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. त्याला हसण्यावारी नेता येत नाही.

मुलाला अकरावी सायन्सला घातले. बारावी कशीबशी सुटली, इंजिनिअरिंगला जागाही मिळाली. पण पहिल्या वर्षाचे गणित सुटेना. दोन वर्षे गेली, पोरगा घरात बोलेनासा झाला. आज तो एका ठेकेदाराकडे वायरिंगचे काम करतो. काम उत्तम करतो, पण हातात ना पदवी ना आयटीआयचे प्रमाणपत्र. त्यामुळे रोज मिळतो तो मदतनीसाचा.

त्या बापाला वेळेवर एक गोष्ट कोणी सांगायला हवी होती. आयटीआय ही बंद गल्ली नाही. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. वाट लांबची आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हातात एक प्रमाणपत्र पडते. मध्येच घरावर संकट आले तरी पोरगा रिकाम्या हाताने उभा राहत नाही. लादलेले काम निराळे आणि आवडीने शिकून, प्रमाणपत्र घेऊन, हक्काचा दाम मागून केलेले काम निराळे.

तेव्हा एका संध्याकाळी टी. व्ही. बंद करा. पोराला तीन प्रश्न विचारा. कुणी न सांगता तू कोणता विषय उघडून बसतोस? कशाची भीती वाटते? आणि हा कोर्स तुला कोणी सुचवला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "मित्र चाललाय म्हणून" असे आले तर रागावू नका, पण तेही वहीत लिहा. उत्तर काही आले तरी त्या क्षणी बोलू नका. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

मुलीचे पान तर आवर्जून लिहा. "ती काय, जवळच्या कॉलेजात जाईल" असे म्हणून आपण तिचे पान लिहीतच नाही. मुलाला शहरात ठेवायला पैसे निघतात आणि मुलीच्या वेळी एस. टी. च्या पासाचाही हिशेब होतो. दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीत बारा पर्याय आणि दुसरीत एकच असेल तर चूक मुलीच्या हुशारीत नाही, आपल्या विचारात आहे.

दुसरे पान : अटी

प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक फाटक असते. ते आधी पाहून ठेवावे.

दहावीनंतरच्या डिप्लोमाला दहावीत किमान ३५ टक्के गुण लागतात. हे किमान झाले. चांगल्या सरकारी पॉलिटेक्निकची यादी पुष्कळ वर लागते. आयटीआयच्या बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी पास ही अट आहे. वेल्डरसारखा ट्रेड एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे.

बारावीनंतर इंजिनिअरिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या गटात खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. फार्मसीच्या पदवीला मॅथ्स किंवा बायोलॉजी यांपैकी एक चालते. डॉक्टर व्हायचे तर नीट परीक्षा, आणि बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत अनुसूचित जातीला ४० टक्के. पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला बारावी कोणत्याही शाखेची चालते. आर्ट्सच्या मुलालाही ती वाट खुली आहे. आपल्या विद्यार्थ्यांना तिथे बारावीत ४० टक्के लागतात आणि वेगळी सीईटी असते. बाबासाहेबांचा व्यवसाय वकिलीचा, तरी आपल्या वस्त्यांत कायद्याच्या पदवीबद्दल फारसे कुणी बोलत नाही याचे आम्हाला नवल वाटते. बीबीए, बीसीए यांसारख्या पदव्यांनाही २०२४ पासून राज्यात सीईटी लागू झाली. बारावीच्या गुणांवर जागा मिळेल या भरवशावर अनेक मुले त्या वर्षी मागे राहिली.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. अकरावीला विषय निवडताना पुढची कोणती फाटके बंद होतात ते पाहावे लागते. अकरावीत मॅथ्स सोडले की इंजिनिअरिंगची मुख्य वाट बंद. बायोलॉजी सोडली की डॉक्टर आणि बी. एस्सी. नर्सिंगची मुख्य वाट बंद. ज्याचे मन ठरलेले नाही त्याने दोन्ही ठेवावेत. पण चार मुख्य विषयांचे ओझे पेलणार आहे का, हे शाळेतल्या शिक्षकांना विचारून ठरवावे.

"किमान टक्के" आणि "यादी कितीला बंद झाली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस टक्के म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी. मागच्या वर्षी त्या कॉलेजात, त्या शाखेत, अनुसूचित जातीची शेवटची जागा किती गुणांना गेली तो आकडा वहीत लिहा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीच्या याद्या असतात. वस्तीतला एखादा कॉलेजकुमार अर्ध्या तासात त्या काढून देईल.

पर्यायांचा क्रम लावताना मनापासून लावा. जे खरोखर हवे ते पहिल्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तोच पक्का धरला जातो. तेव्हा "बघू या लागतं का" म्हणून नको असलेले कॉलेज वर घालू नका. आणि आपल्या मुलाचे गुण चांगले असतील तर त्याचे नाव खुल्या यादीतही लागते. तो त्याचा गुणवत्तेचा हक्क आहे. म्हणून प्रवर्ग लिहायचा नाही असा हट्ट काही मुले धरतात तो चुकीचा. प्रवर्ग लिहिल्याने खुल्या जागेवरचा हक्क जात नाही.

तिसरे पान : खर्च

खर्चाचे बोलणे पोरांपासून लपवू नका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घरातली मिळकत आणि उधारी ठाऊक असली पाहिजे. ठाऊक नसते तेव्हा ते एकतर अवाजवी मागते किंवा काहीच मागत नाही. दुसरे अधिक वाईट.

आपल्या मुलांसाठी मुख्य आधार दोन. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात शिक्षण फी, परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर राज्य सरकारची फ्रीशिप. तिच्यात शिक्षण फी आणि परीक्षा फी मिळते, भत्ता मिळत नाही. गिरणी, रेल्वे, पालिका यांतून निवृत्त झालेल्या बापाची पेन्शन थोडी जास्त निघाली की लोक म्हणतात, "आता काही मिळायचं नाही." हे खरे नाही. फ्रीशिप आहे. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा.

पण अट लक्षात ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे पोरे ज्याला कॅप राउंड म्हणतात त्यातून, झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हा आधार तुटतो. कॉलेजच्या फाटकाबाहेर गाठून "भरून टाका, स्कॉलरशिप नंतर बसवून देतो" म्हणणारे दलाल असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. फीव्यतिरिक्त देणगी उकळण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात नाव घालण्याआधी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन, या कोर्सला शिष्यवृत्ती लागू आहे का, हे लेखी विचारा. तोंडी उत्तराला किंमत नाही.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. पूर्वी फी सरकारकडून परस्पर कॉलेजात जायची. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यातला फीचा भाग मुलाने कॉलेजात भरायचा असतो. आमच्या पाहण्यातल्या दोन घरांत हे पैसे खात्यात आले आणि एका घरी आजारपणात, दुसऱ्या घरी लग्नात संपले. पुढे परीक्षेच्या वेळी कॉलेजने थकबाकी काढली. माणसे वाईट नव्हती, अडलेली होती. म्हणून सांगतो, हे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवा. त्याला कर्जाचा हप्ता जोडू नका. पैसे आले की लगेच कॉलेजात भरा आणि पावती वहीला टाचा.

आता राहण्या-जेवणाचे. मोठ्या शहरात फीपेक्षा हाच खर्च घर बुडवतो. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज पहिला करा. तिथे जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून ती सुरू आहे. बाहेरगावी शिकणाऱ्या, वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी तिची रक्कम ठरली. तिला उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता आणि स्वाधार असे दोन्ही पूर्ण मिळतील असे धरू नका.

आपण एक हिशेब मांडू. समजा, मुलगी पुण्यात शिकते. मेस महिना साडेतीन हजार, खोलीतला वाटा अडीच हजार, म्हणजे दहा महिन्यांचे साठ हजार. बसपास आणि गावी येणे-जाणे सहा हजार. पुस्तके, वह्या, प्रयोगशाळेचे साहित्य नऊ हजार. एकूण पंच्याहत्तर हजार. स्वाधारचे साठ हजार मिळाले तर घरून लागतील ते पंधरा हजार. कागदावर हे सोपे दिसते. पण सरकारी पैसा जूनमध्ये येत नाही. तो उशिरा येतो, हप्त्यांनी येतो. मेसवाला आणि खोलीवाला थांबत नाहीत. म्हणून निदान पहिल्या सहा महिन्यांचे चाळीस-पंचेचाळीस हजार हाताशी असले पाहिजेत. हा आकडा वहीत लाल शाईने लिहा. तो कुठून येणार, भिशीतून, बचत गटातून की मामाकडून, हे मे महिन्यातच ठरवा. जूनमध्ये ठरवायला गेलात तर सावकाराच्या दारात उभे राहाल.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाला भिऊ नका, पण डोळे उघडे ठेवून घ्या. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. हप्ते शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. ज्या कोर्सनंतर नोकरीचा पगार हप्त्यालाच पुरणार नाही, त्यासाठी कर्ज काढू नये.

क्लासचाही खर्च याच पानावर लिहा. नीट-सीईटीच्या क्लासची दोन वर्षांची फी कॉलेजच्या फीपेक्षा जास्त होते असे आता दिसते. मोठी फी एकदम भरू नका. आधी महिनाभर मुलाला बसू द्या. तो रात्री घरी येऊन काय समजले ते सांगू शकतो का पाहा.

चौथे पान : कागद

आता ज्या पानाने त्या लेकीची सीट नेली ते पान.

आपल्या बौद्ध घरांची एक खास अडचण आहे. १९५६ नंतर अनेकांनी शाळेच्या दाखल्यावर अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिले. ते योग्यच केले. पण जातीचा दाखला काढताना मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे महाराष्ट्रातले वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद लागतो. शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा, यांपैकी काही ना काही गावी सापडते. पुष्कळ तरुणांना हे खटकते. "आपण जात सोडली, मग हा कागद कशाला?" असे ते विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे. जात आपण सोडली. जातीने जे हिरावून घेतले ते परत मागण्याचा हक्क सोडलेला नाही. हा हक्क आपोआप आलेला नाही. महाराष्ट्रात बौद्धांना सवलती होत्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो १९९० च्या दुरुस्तीने. त्याआधी कितीतरी बौद्ध मुले केंद्रीय संस्थांच्या दारातून परत गेली. त्यांची आठवण ठेवून हा कागद काढा.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. धर्मांतरित बौद्धांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे, तो नीट पाहून घ्या. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवा. मग जात वैधता प्रमाणपत्र. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. त्याचा अर्ज मुलगा अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजचे पत्र जोडून करता येतो. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. घरात वडील, काका, आत्या यांपैकी कुणाची वैधता झाली असेल तर ती आणि वंशावळ जोडा, काम हलके होते. नावातली काना-मात्रेची चूक आधी दुरुस्त करा. दाखल्यावर एक आडनाव आणि आधार कार्डावर दुसरे, या एका गोष्टीने महिने जातात.

याशिवाय तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार जोडलेले बँक पासबुक. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही स्वाधीन करू नका, दलालाच्या तर नाहीच. पडताळणी झाली की मूळ कागद परत मागा. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये संस्थांना मनाई केली आहे. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

चुकले तर काय?

एवढे करूनही एखादे वर्ष चुकते. पैसा संपतो, गुण कमी पडतात, कागद अडतो. मग घरात सुतक पडल्यासारखे होते. पोरे या दिवसांत फार एकटी पडतात. तेव्हा त्यांना बाबासाहेबांचे १९१७ साल सांगा.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीला करार होता, परतून दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा. तो वाचून, त्यावर सही करून ते गेले. पुढे लंडनला शिक्षण सुरू केले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्धे शिक्षण टाकून त्यांना परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. इथे आल्यावर बडोद्यात अपमान सोसला. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. मागे रमाईने घर कसे ओढले ते आपल्या आयाबहिणींना सांगायला नको.

यातून आपल्या वहीसाठी तीन गोष्टी निघतात. करार वाचून सही करावी. थांबावे लागले तर परतीची वाट लेखी राखून थांबावे. आणि मिळवते झाल्यावर थांबलेले शिक्षण पुरे करावे. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग ठेवले होते. आज कामावर जाणाऱ्या मुलांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. वर्ष गेले म्हणजे आयुष्य गेले नाही, हे आईबापांनी आधी स्वतःला सांगावे, मग पोराला.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. मुलीने त्या वर्षी जवळच्या कॉलेजात बी. एस्सी. ला नाव घातले. वैधता प्रमाणपत्र दिवाळीच्या तोंडावर आले. ते घेऊन बाई विहारात आल्या, बुद्धमूर्तीपुढे ठेवले, मग आमच्या हातात दिले. मुलगी आता पुन्हा सीईटी देणार आहे. पहाटे चारला उठून अभ्यास करते आणि सातला कॉलेजात जाते. जागा लागेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण या वेळी कागदासाठी अडणार नाही.

परवा बाईंनी आम्हाला एक वही दाखवली. स्वतः चौथी शिकलेल्या. अक्षर मोठे, वाकडे. तिसऱ्या पानावर लाल शाईने लिहिले होते, "सहा महिने : ४५,०००". खाली बचत गटाचे नाव आणि आतापर्यंत जमलेली रक्कम, अकरा हजार दोनशे. आम्ही विचारले, "बाकीचे कसे करणार?" त्या म्हणाल्या, "अजून मे लांब आहे, भाऊ."

आपल्या वस्तीत दहावी-बारावीचे एखादे पोर असेल, आपले असो वा शेजारचे, तर या रविवारी वंदना झाल्यावर त्याच्या आईबापांना अर्धा तास थांबवा. विहारात वही उघडून बसा. ज्यांची मुले यातून गेली आहेत त्यांनी पुढे होऊन सांगावे. आणि दाखल्याचे "नंतर बघू" असे कुणी म्हणाले, तर त्याला आमची ही गोष्ट सांगा.

जयभीम. नमो बुद्धाय.